नोटेवरचे चेहरे, नोटेवरच्या भाषा

शंभराची नोट हातात आली की आपण आकडा पाहतो, फार तर गांधीजींच्या चेहऱ्यावर नजर जाते, आणि नोट खिशात जाते. शंका आलीच तर ती उजेडासमोर धरतो. मागच्या बाजूला डावीकडे बारीक अक्षरांच्या १५ ओळींची एक उभी चौकट असते. ती मात्र सहसा कोणी वाचत नाही. आसामीपासून उर्दूपर्यंत १५ भाषांत तिथे एकच गोष्ट सांगितलेली असते : ही नोट किती रुपयांची आहे. पुढच्या बाजूची हिंदी आणि इंग्रजी धरली तर एकूण १७ भाषा होतात.

भारतीय कागदी चलनाचा इतिहास बहुतेक वेळा चेहऱ्यांच्या अंगाने सांगितला जातो. आधी राणी, मग राजे, मग अशोकस्तंभाचे सिंह आणि शेवटी गांधीजी. हीच गोष्ट त्या १५ ओळींच्या अंगाने वाचली तर ती थोडी निराळी दिसते. चेहरे आले, गेले, पुन्हा आले. भाषांची संख्या मात्र वाढत राहिली. नोटेवर कोणाचा चेहरा असावा यावर आपल्याकडे दर काही वर्षांनी वाद होतो. नोटेवर कोणाची भाषा असावी हा प्रश्न त्या मानाने क्वचितच कोणी विचारते.

कागदावर विश्वास ठेवणे आपल्या व्यापाऱ्यांना नवे नव्हते. शेकडो मैलांवरच्या पेढीवर हुंडी लिहिली जाई आणि ती वटत असे. हुंडीवर कोणाचे चित्र नसे. मोडी किंवा महाजनी अक्षरांतला मजकूर आणि पेढीची ओळख, एवढ्यावर व्यवहार चाले. पण हुंडी ही एकमेकांना ओळखणाऱ्यांची गोष्ट होती. नोट अनोळखी माणसांच्या हातांतून फिरते. तिला स्वतःची ओळख स्वतःच सांगावी लागते, आणि ती सांगण्याचे दोन मार्ग पहिल्यापासून दिसतात : एक चित्र, दुसरा लिपी.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कलकत्त्यात खाजगी आणि निमसरकारी बँकांच्या नोटा निघू लागल्या. त्यांतल्या बँक ऑफ बेंगालच्या नोटांवर बँकेचे नाव आणि रक्कम उर्दू, बंगाली आणि नागरी अशा तीन लिप्यांत असे. पुढे त्यांवर धक्क्याशी बसलेली, व्यापाराचे प्रतीक असलेली एक स्त्री आली आणि नंतर ब्रिटानिया आली. मुंबईत १८४० साली बँक ऑफ बाँबे स्थापन झाली. तिच्या नोटांवर टाउन हॉलचे चित्र होते, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे ती पायऱ्यांची इमारत. आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम यांच्या प्रतिमा होत्या. मराठी वाचकाला ही दोन नावे वेगळी सांगायला नकोत. एल्फिन्स्टन पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट; पेशवाई बुडाल्यावर मुलखाचा कारभार त्याच्याकडे आला. आणि १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण गेला तो माल्कमला. पुढे दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले. राज्य गेल्याला पाव शतकही उलटले नव्हते, आणि ते घेणाऱ्यांचे चेहरे मुंबईच्या पैशावर होते. तेव्हा त्याबद्दल कोणाला काय वाटले असेल ते असो. पैशावरचा चेहरा हा नुसता नक्षीचा भाग नसतो एवढे यातून कळते.

१८५७ नंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती सावरण्यासाठी लंडनहून आलेल्या जेम्स विल्सन यांनी सरकारी कागदी चलनाची योजना मांडली. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे संस्थापक ते हेच. १८६० साली कलकत्त्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी कागदी चलनाचा कायदा संमत झाला. नोटा काढण्याचा बँकांचा अधिकार संपला. तो एकट्या सरकारचा झाला.

या कायद्याखालच्या पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाची लहानशी प्रतिमा होती. १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपयांच्या या नोटा हातकागदावर छापलेल्या होत्या. कागदात वॉटरमार्क होता आणि रक्कम दोन देशी भाषांत दिलेली होती. त्या काळी नोट देशभर चालत नसे. कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी चलनाची मंडळे होती. ज्या मंडळाची नोट, तिथेच ती वटवून मागण्याचा कायदेशीर हक्क. मंडळ बदलले की नोटेवरच्या भाषाही बदलत. म्हणजे भाषेची ओळ शोभेसाठी नव्हती. ही नोट कुठल्या लोकांसाठी आहे, ते ती ओळ सांगत होती. लांब पैसे पाठवायचे तर लोक नोट मधोमध कापत, एक अर्धा भाग टपालाने धाडत आणि तो पोचल्याचा निरोप आला की दुसरा. नोटेवर भरवसा होता, पण वाटेवर नव्हता.

राणीचा चेहरा मात्र फार टिकला नाही. बनावट नोटांचा सुळसुळाट झाला आणि व्हिक्टोरियाच्या नोटा सरकारला मागे घ्याव्या लागल्या. १८६७ पासून जी नवी मालिका निघाली, तिच्यावर चेहराच नव्हता. एका बाजूला छापलेला, रंगीत जाळीवरचा नुसता मजकूर. आधी त्यात चारपर्यंत भाषा होत्या, पुढे त्या आठ झाल्या. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा टप्प्याटप्प्याने मंडळांच्या बंधनातून सुटल्या आणि सर्वत्र चालू लागल्या. नोट जसजशी दूर जाऊ लागली तसतशा तिच्यावरच्या भाषा वाढल्या, असा हा हिशेब आहे. आणि ब्रिटिश साम्राज्य ऐन भरात असताना, जवळजवळ अर्धशतक, हिंदुस्थानच्या नोटांवर ना राणी होती ना राजा. साम्राज्याचे त्यावाचून काही अडले नाही.

चेहरा परत आला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, रुपयाचे नाणे पाडणे जड जाऊ लागले, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. तिच्यावर पंचम जॉर्जची छबी होती. पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. या लहान नोटा खर्चाला परवडेनात आणि १९२६ च्या आरंभी बंद झाल्या. पण तोवर, १९२३ साली, दहाच्या नोटेपासून राजाच्या चेहऱ्याची नियमित मालिका सुरू झाली होती. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नोटेवर कोणाचे चित्र आहे याच्याशी त्या ग्रंथाला कर्तव्य नव्हते. रुपयाची किंमत कोण आणि कोणाच्या हितासाठी ठरवते, हा त्याचा विषय होता.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटा तोवर इंग्लंडमधून छापून येत. १९२८ पासून नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये त्यांची छपाई सुरू झाली आणि काही वर्षांत सगळ्याच नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली. तिची पहिली नोट जानेवारी १९३८ मधली. पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या छबीची. दुसऱ्या महायुद्धात जपानने भारतीय नोटांच्या उत्तम नकला केल्या, तेव्हा वॉटरमार्कमधला राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा घेतला गेला आणि नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा आला. या मालिकेतल्या पुढच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही आहे. ‘मेघदूत’ मराठीत आणणारे हे रायगड जिल्ह्यातले गृहस्थ सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याशेजारी सही करत होते.

राजाच्या या चेहऱ्याची शेवटची कामगिरी मोठी विलक्षण आहे. फाळणीनंतर काही काळ रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानसाठी वेगळ्या नोटा तयार होईपर्यंत भारताच्याच नोटांवर ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ असे इंग्रजीत आणि ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असे उर्दूत छापून १९४८ साली त्या तिकडे चालवल्या गेल्या. दोन देश, मध्ये रक्ताची सीमा, आणि दोन्हीकडच्या नोटांवर तोच राजा. नोट कोणत्या देशाची, हे आता चेहऱ्यावरून कळत नव्हते. ते त्या दोन ओळींवरून कळत होते.

याच काळात भारतीय उपखंडात दुसऱ्याही नोटा चालत होत्या, आणि त्यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. हैदराबाद संस्थानाने १९१८ पासून स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर निजामाचा चेहरा नव्हता. उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, पण औरंगाबादच्या किंवा परभणीच्या शेतकऱ्याच्या हातात येणाऱ्या नोटेवर त्याची भाषा होती. गोव्यात याच्या उलट दिसते. पोर्तुगीज इंडियाच्या १८८३ च्या सुमाराच्या पहिल्या नोटांवर पोर्तुगालच्या राजाची छबी होती. आणि १९५९ साली रुपयाऐवजी एस्कुदो आला तेव्हा नोटांवर अफोंसो द अल्बुकर्क होता, ज्याने १५१० साली गोवा जिंकला तो. साडेचारशे वर्षांनंतरही तोच चेहरा दाखवावासा वाटला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत ती सत्ता गेली.

स्वतंत्र भारतापुढे प्रश्न होता तो राजाच्या जागी कोण, हा. पहिला विचार गांधीजींचाच होता. तशा नोटांचे आराखडेही तयार झाले होते. पण शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर. १९४९ साली एक रुपयाची आणि पुढच्या वर्षी दोन, पाच, दहा आणि शंभराची नोट सिंहांसह आली. बाकीची मांडणी पुष्कळशी जुन्याच वळणाची होती. १९५३ मध्ये हिंदी ठळकपणे पुढे आणली गेली, आणि त्या निमित्ताने ‘रुपया’ या शब्दाचे हिंदीतले अनेकवचन काय, असाही एक वाद झाला. तो ‘रुपये’ या रूपाच्या बाजूने मिटला. व्याकरणाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर सोडवण्याची वेळ नोटेने आणली. मराठीला ही अडचण कधी पडली नव्हती.

त्यापुढची चार दशके नोट हे देशाचे चित्रपुस्तक होते. १९५४ च्या हजाराच्या नोटेवर तंजावरचे मंदिर, पाच हजाराच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया. पुढे दोनच्या नोटेवर आर्यभट उपग्रह, पाचच्या नोटेवर ट्रॅक्टर, एकच्या नोटेवर समुद्रातली तेलविहीर, विसाच्या नोटेवर कोणार्कचे चाक. गांधीजी एकदाच आले, १९६९ च्या जन्मशताब्दीला : बसलेले, मागे सेवाग्रामचा आश्रम. ती नोट त्या निमित्तापुरती होती.

गांधीजी कायमचे आले ते १९८७ च्या पाचशेच्या नोटेपासून, आणि १९९६ च्या ‘महात्मा गांधी मालिके’पासून सगळ्याच नोटांवर. यामागे श्रद्धेइतकेच तंत्रही होते. रंगीत झेरॉक्स आणि स्कॅनरच्या जमान्यात जुन्या नोटांची नक्कल सोपी झाली होती, म्हणून नवी मालिका हवी होती. अशा मालिकेत चेहऱ्याचा एक खास उपयोग असतो. इमारतीच्या चित्रात एखादी रेघ हलली तर आपल्या लक्षात येत नाही. ओळखीच्या चेहऱ्यात डोळ्याची किंवा ओठाची रेघ हलली तर काहीतरी बिनसले आहे हे लगेच जाणवते. त्यातून तो चेहरा बोटाला लागेल अशा उठावदार छपाईत कोरलेला असला, तर नकला करणाऱ्याचे काम आणखी अवघड होते. ज्या कारणाने व्हिक्टोरियाचा चेहरा नोटेवरून गेला, त्याच कारणाने गांधीजींचा चेहरा नोटेवर आला.

हा चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला नाही. तो १९४६ सालच्या एका छायाचित्रातून घेतलेला आहे. कॅबिनेट मिशनचे प्रमुख लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर उभ्या असलेल्या गांधीजींचे ते हसरे छायाचित्र. शेजारचा माणूस कापला गेला आणि हसू तेवढे उरले. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाचे ते हसू आता लाच देतानाही मोजले जाते. यावर विनोद पुष्कळ झाले आहेत. टागोर, आंबेडकर, शिवाजी महाराज, सुभाषबाबू यांची चित्रे नोटांवर घ्यावीत अशा मागण्याही वेळोवेळी होत असतात. जून २०२२ मध्ये तशा बातम्या पसरल्या, तेव्हा गांधीजींची प्रतिमा बदलण्याचा कोणताही प्रस्ताव नाही, असे निवेदन रिझर्व्ह बँकेला काढावे लागले.

चेहऱ्याच्या वादात नोटेवरच्या दुसऱ्या गोष्टी मागे पडतात. अंध माणसाला नोटेवर कोणाचा चेहरा आहे याचा उपयोग नाही. त्याला नोटेची लांबी लागते आणि बोटाला जाणवणारी खूण लागते. १९९६ च्या मालिकेत पन्नास, शंभर, पाचशे आणि हजार या नोटांची लांबी १४७, १५७, १६७ आणि १७७ मिलिमीटर होती. दरवेळी एक सेंटिमीटरचा फरक. २०१६ नंतरच्या मालिकेत शंभराची नोट १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर आहे. चार मिलिमीटरचा फरक बोटाने ओळखायचा. शंभराला उठावदार त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, कडेला तिरप्या रेघा, ही सोय आहे. पण हाताळून मऊ पडलेल्या नोटेवर या खुणा झिजतात. हा प्रश्न अंधांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०२० च्या आरंभी रिझर्व्ह बँकेने मोबाइलच्या कॅमेऱ्यातून नोट ओळखून बोलून दाखवणारे ‘मनी’ नावाचे अ‍ॅप काढले.

आणि मग त्या १५ ओळी. आसामी, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, कोकणी, मल्याळम, मराठी, नेपाळी, ओडिया, पंजाबी, संस्कृत, तमीळ, तेलुगू, उर्दू. क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे. कोणी मोठी, कोणी धाकटी नाही. सगळ्यांची अक्षरे सारखीच बारीक. आठव्या ओळीत मराठी आहे, वर सात आणि खाली सात. कोकणी आणि नेपाळी या यादीत उशिरा आल्या. १९९२ च्या घटनादुरुस्तीने कोकणी, नेपाळी आणि मणिपुरी आठव्या अनुसूचीत गेल्या, आणि त्यांतल्या दोघींना नोटेवर ओळ मिळाली. त्यापूर्वी मराठी सातव्या ओळीत होती. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद आपल्याकडे किती तावातावाने झाला ते सांगायला नको. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली. नोटेवर तो वाद फार शांतपणे मिटला : मराठी एक ओळ खाली सरकली.

आज आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांतल्या सहा नोटेवर नाहीत : बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाली आणि सिंधी. बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आल्या. त्यानंतर २०१६ मध्ये नोटांची अख्खी नवी मालिका आखली गेली, तरी चौकटीत ओळी १५ च राहिल्या. मणिपुरीला कोकणीच्याच दिवशी मान्यता मिळाली होती. आणि सिंधी तर १९६७ पासून अनुसूचीत आहे. उल्हासनगरच्या बाजारात दिवसभर नोटा मोजणाऱ्या सिंधी दुकानदाराच्या बोटांखालून मराठी, गुजराती, उर्दू जातात, त्याची स्वतःची भाषा जात नाही.

त्या ओळींनी रोजच्या व्यवहारात काय फरक पडतो, असे कोणी विचारील. आकडा तर सगळेच वाचतात. पण मग चेहऱ्यानेही काय फरक पडतो? पुढच्या बाजूला ‘मैं धारक को’ असे वचन आहे, खाली गव्हर्नरांची सही आहे. ते वचन ज्या धारकाला दिले आहे तो कोण, याचे उत्तर मागच्या बाजूला आहे. १८६१ मध्ये ते दोन भाषांत होते, नंतर चार, आठ, तेरा, पंधरा. प्रत्येक वाढीला कोणीतरी जागा करून दिली आहे.

सहा ओळी वाढवायला वेगळा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे नोटेचा आराखडा बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करते. पुढची मालिका आखली जाईल तेव्हा बंगालीखाली बोडो आणि डोगरी, मल्याळमच्या वर मैथिली आणि खाली मणिपुरी, संस्कृतनंतर संथाली आणि सिंधी, अशा त्या बसतील. अक्षरे थोडी आणखी बारीक करावी लागतील. मराठी तेव्हा आठव्या ओळीवरून बाराव्या ओळीवर जाईल, चौकटीच्या मधोमध राहणार नाही. त्याने मराठीचे काही बिघडणार नाही.